पाण्याच्या रांगेतले उंदीर

उंदराचं हृदय बोराएवढं असतं. गावरान बोराएवढं, हल्लीच्या बाजारातल्या फुगलेल्या बोराएवढं नव्हे. ही माहिती जगात फारशी कुणाला लागत नाही, पण मला ती हातानं कळलेली आहे. अजूनही कुठं बांधावर बोरं पडलेली दिसली की मी एखादं उचलतो, तळहातावर ठेवतो आणि अंदाजानं त्याचं वजन करू लागतो. बायको म्हणते, खायचं असेल तर खा, नाहीतर टाकून द्या, लोक बघताहेत.

माझी सगळी सरकारी नोकरी पाण्यात गेली. म्हणजे जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि 'पिण्यास योग्य' किंवा 'अयोग्य' असा शेरा मारायचा. त्या नोकरीवर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. मी मोठ्या उत्साहानं बसलो आणि दोन परिच्छेदांत सगळं पाणी संपलं. मनात जे साचून होतं ते त्या नोकरीच्या आधीच्या अडीच वर्षांचं होतं. तेव्हा पाण्याऐवजी तेच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी साखरखेर्ड्याचा, नुकता बी.एस्सी. झालेला, आणि ते बी.एस्सी. कपाळावर गोंदवून घेतल्यासारखा हिंडणारा. मलकापूरला एका जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गोदामाला लागून, तीन खोल्यांची एक प्रयोगशाळा निघाली होती. कुठल्याशा धर्मादाय ट्रस्टनं जागा दिली होती आणि ती चालवणारे होते डॉक्टर पाठक. मुंबईच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मूळचे मलकापूरचेच. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात नेहमी एक घडी केलेला पांढरा रुमाल. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "वानखडे, उंदराची भीती वाटते का?" मी म्हणालो, "नाही सर." वाटत होती. पण नोकरी मिळाली.

गावात आमच्या जागेचं नाव पडलं 'उंदराचा दवाखाना'. पांढरे उंदीर मुंबईहून रेल्वेच्या पार्सलनं यायचे. स्टेशनवरचा पार्सलबाबू निरोप पाठवायचा, 'तुमचे पाहुणे उतरलेत, लवकर घेऊन जा, इथं बायका ओरडून राहिल्यात.' एकदा सरकीचे एक व्यापारी हात जोडून आले. म्हणाले, "डाक्तरसाहेब, मुंबईहून काऊन मागवता? आमच्या गोदामातले घेऊन जा, पाहिजे तितके, फुकट." डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवून, चहा पाजून, प्रयोगाच्या उंदरांचं वय, वजन, वाण सारखं का लागतं ते अर्धा तास समजावून सांगितलं. व्यापारी मान डोलावत ऐकत होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हणजे नेणार नाहीत ना?"

डॉक्टरांची ही खोडच होती. कुणालाही, काहीही, पूर्ण समजावून सांगायचं. पिंजरे करणारे महेबूबभाई पत्रेवाले पहिल्यांदा आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आधी प्रयोग सांगितला आणि मग मापं दिली. महेबूबभाईंनी पिंजऱ्याच्या जाळीची सगळी टोकं बाहेरच्या अंगाला वळवली. त्यामुळे आमचे हात ओरबाडायचे. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुमचे हात ओरबाडले तर तुमी टिंचर लावसाल. त्या उंदराइनं कोणाले सांगावं?"

आता काम काय होतं ते सांगतो, कारण 'उंदरांना विष देऊन मारत होते' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं आहे.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात तेव्हा हवेत बारीक तंतू उडतात. वर्षानुवर्षं ते छातीत गेले की माणसाला दम लागतो. आमच्या आवारात असे कितीतरी जण होते. त्या काळी दम्यावर एक गोळी मिळायची, जिभेखाली ठेवायची. ठेवली की छाती मोकळी व्हायची, आणि हृदय धडधडायला लागायचं. एक-दोन गोळ्यांनी काही बिघडत नसे. पण ज्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत धुरळ्यात उभं राहायचं आहे तो एकावर थांबत नाही. खिशात चिल्लर ठेवावी तशी माणसं गोळ्या ठेवायची आणि मोजायची नाहीत. ते औषध जास्त अंगात गेलं तर हृदयाच्या स्नायूला इजा होते. स्नायूचे ठिपक्याठिपक्यांनी तुकडे मरतात. डॉक्टर म्हणायचे, "यांना गोळी सोडा म्हणून सांगणं म्हणजे श्वास सोडा म्हणून सांगणं आहे. गोळी राहणारच. मग हृदयाला आधी काहीतरी कवच देता येईल का, एवढंच आपण बघायचं."

त्या कवचासाठी आम्ही वनस्पती तपासत होतो. पहिलं वर्ष ग्रंथांतून नावाजलेल्या साली आणि मुळ्या झाल्या. मग एके दिवशी डॉक्टर डबा खाताना थांबले आणि म्हणाले, "वानखडे, ज्याला ही गोळी लागते त्याच्या बांधावर काय उगवतं?" मी म्हणालो, "अंबाडी." ते म्हणाले, "मग तीच तपासू. उद्या गुण सापडलाच, तर त्याला कुणाच्या दारात जायला नको."

लाल देठाची अंबाडी. आमच्याकडे तिची भाजी होते, दोरांसाठी वाख निघतो, आणि फूल गळून गेल्यावर जी लाल, जाड, आंबट बोंडं राहतात त्यांची चटणी होते. दिवाळीच्या सुमाराला ती बोंडं पोत्यानं यायची. आम्ही ती सावलीत वाळवायचो, कुटायचो, स्पिरिटात भिजत घालायचो, गाळायचो, आणि तो लाल रस पाण्याच्या वाफेवर काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचो. पोतंभर बोंडांतून चिनी मातीच्या एका बरणीएवढा अर्क निघायचा. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आंबट, थोडा गुळचट, थोडा करपलेला. त्या वासासाठी मी आज काय द्यायला तयार आहे ते मला सांगता येणार नाही.

प्रयोग असा. उंदरांच्या दोन रांगा. एका रांगेला रोज सकाळी अंबाडीचा अर्क, दुसरीला नुसतं पाणी. दोन्ही सारख्याच पद्धतीनं द्यायचं, बोथट टोकाच्या वाकड्या सुईनं थेट घशातून खाली, म्हणजे उंदराला होणारा त्रासही सारखाच. असं महिनाभर. मग शेवटचे दोन दिवस दोन्ही रांगांना दम्याच्या गोळीतल्याच औषधाचं मोठ्या मात्रेचं इंजेक्शन. आणि मग हृदय काढून बघायचं. पाण्याच्या रांगेतल्या हृदयांवर फिकट डाग पडायला हवेत. अंबाडीच्या रांगेत ते कमी दिसले तर कवच लागू पडलं. पाण्याची रांग नसेल तर अंबाडीनं काही केलं की नाही हे कळणारच नाही. सगळा प्रयोग त्या बिचाऱ्या पाण्याच्या रांगेवर उभा असतो.

पहिल्या खेपेला उंदरांची सगळी निगा मीच ठेवली होती. हृदयं काढून बशीत मांडली आणि डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. पाण्याच्या रांगेतली डागाळलेली, फिकट. अंबाडीच्या रांगेतली बरीचशी लाल, ताजी. डॉक्टर खिशातला रुमाल काढून उगाच हात पुसत बसले. त्यानंतर त्यांनी मला जिनिंगच्या फाटकावर नेऊन कढी-कचोरी खाऊ घातली. इतका आनंदी माणूस मी नंतर क्वचितच पाहिला.

ट्रस्टचं म्हणणं पडलं की, पुन्हा एकदा करून दाखवा. मुंबईहून एक तज्ज्ञ येतील, त्यांच्यासमोर हृदयं काढा. तेच उत्तर पुन्हा आलं तर काम वाढवू, जिनिंगमधल्या दमेकऱ्यांपर्यंत नेऊ. नाही आलं तर गोदामाला जागा हवीच आहे. म्हणजे दुसऱ्या खेपेवर सगळंच लागलं होतं. उंदीर वाढवले, मला एकट्याला जमेना, म्हणून डॉक्टरांनी कासाबाईंना ठेवलं.

कासाबाई वरवट बकालच्या. चाळिशीच्या आतबाहेर, बुटक्या, कामाला वाघ. त्यांचा नवरा याच जिनिंगमध्ये होता आणि आदल्या वर्षीच दम्यानं गेला होता. पिंजरे धुणं, पेंढा बदलणं आणि उंदरांचं खाणं करणं ही त्यांची कामं. तेव्हा तयार खाद्य मिळत नसे. ज्वारी-हरभऱ्याच्या पिठात थोडं तेल आणि दुधाची पावडर घालून गोळे वळायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. कासाबाई ते गोळे असे निगुतीनं भाजायच्या की मी त्यांना म्हणायचो, "कासाबाई, उंदरांना रोडगे घालताय की काय?" आमच्याकडे गोवऱ्यांच्या विस्तवात गव्हाचे रोडगे भाजून, वांग्याच्या भाजीबरोबर गावाला जेवण घालायची पद्धत आहे, त्यावरून ही चेष्टा. त्या हसायच्या. "पाहुणे आहेत बाप्पा मुंबईचे. कच्चं काऊन घालाव?"

दोन रांगांना त्या पंगती म्हणायच्या. ही अंबाडीची पंगत, ती पाण्याची पंगत. मला तेही गमतीचं वाटायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी सकाळचा डोस देत होतो. कासाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "वानखडेभाऊ, याइले काऊन नुसतं पाणी?"

"प्रयोग आहे तो."

"अन् सुई दोघाइले?"

"हो. दोघांनाही."

"काह्याची असते थे सुई?"

"दम्याच्या गोळीत असतं तेच औषध. जास्त."

त्यांनी पाण्याच्या रांगेकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मंग याइलेच काऊन काही नाही? याइनं काय केलं?"

माझ्या एका हातात उंदीर होता, दुसऱ्या हातात सुई होती आणि डोक्यात बी.एस्सी. होतं. मी म्हणालो, "कासाबाई, ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही पेंढा बदला."

त्या पेंढा बदलायला गेल्या. त्यात त्यांना राग आल्याचं काही दिसलं नाही. मीही विसरून गेलो. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला विचारलं, "वानखडे, कासाबाईंना सगळं नीट समजावून सांगितलंस ना? पाण्याची रांग कशासाठी असते ते?" व्यापाऱ्याला अर्धा तास समजावणारे डॉक्टर, ते कासाबाईंनाही स्वतःच सांगणार होते, पण त्या आठवड्यात त्यांना ताप होता म्हणून ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मी म्हणालो, "हो सर."

दोनच शब्द. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा मोठं खोटं बोललो असेन, पण इतकं महाग कुठलंच पडलं नाही.

पंधरा दिवसांनी पिंजऱ्यांच्या खोलीत आंबूस वास यायला लागला. मी खाद्याचा गोळा फोडून हुंगला. पीठ उतरलं, असं वाटलं. कासाबाईंना झापलं. "पीठ झाकून ठेवत नाही का? आंबलंय सगळं. उंदीर आजारी पडले तर कोण जबाबदार?" त्या खाली बघत उभ्या राहिल्या. मी पीठ फेकून दिलं, नवं आणवलं. दुसऱ्या दिवसापासून गोळे जास्त भाजलेले, काळपट यायला लागले आणि वास कमी झाला. मी स्वतःच्या दक्षतेवर खूश झालो. आणखी एक गोळा मी फोडला असता, दोन्ही रांगांचे गोळे शेजारी शेजारी ठेवून बघितले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तपासणं हेच ज्याचं काम होतं त्यानं तपासलं नाही.

इंजेक्शनचा दिवस आला. ते औषध मोठं नाजूक असतं. पाण्यात मिसळून ठेवलं आणि त्याला उजेड, हवा लागली की ते गुलाबी पडतं, मग तपकिरी, आणि त्याचा जोर जातो. म्हणून ते ऐन वेळी करायचं, बाटलीला काळा कागद गुंडाळायचा आणि लगेच द्यायचं. मी दोन्ही दिवस पहाटे उठून, तराजूवर भुकटी मोजून, ताजं द्रावण केलं. ते काचेसारखं स्वच्छ होतं. मी ते खिडकीपाशी धरून बघितलं होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

तज्ज्ञ आले. कोट, चामडी बॅग, बोलणं मोजकं. माणूस वाईट नव्हता. कासाबाईंनी त्या दिवशी रजा मागून घेतली होती. "मले ते पाह्यवत नाही," एवढंच म्हणाल्या.

मी हृदयं काढत गेलो, मिठाच्या पाण्यात धुवून बशांमध्ये मांडत गेलो. डावीकडे अंबाडीची रांग, उजवीकडे पाण्याची. पहिली तीन-चार मांडली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. उजवीकडची हृदयंसुद्धा लाल होती. ताजी, तुकतुकीत. एखाद-दुसऱ्यावर पुसट डाग, बस. डावीकडे जशी, उजवीकडे तशीच. मी बशांची लेबलं पुन्हा पुन्हा वाचली. बोरं सोलून ठेवावीत तशी ती सगळी ओळीनं पडली होती आणि कुठली कुणाची ते सांगता येत नव्हतं.

तज्ज्ञांनी भिंग लावून बघितलं. मग भिंग ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "पाठकसाहेब, इथं इजाच झालेली नाही. मग तुमच्या अर्कानं वाचवलं कशापासून? इंजेक्शन निकामी झालेलं होतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"वानखडे, इंजेक्शन ताजं केलं होतंस ना?"

"हो सर."

त्यांनी मान हलवली. पण मी त्यांचे डोळे पाहिले. त्यांनी विश्वास ठेवायचं ठरवलं होतं, आणि त्यांना ते जमत नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही जमलं नसतं. दुसरं कारणच दिसत नव्हतं.

तिसरी खेप करू द्या, म्हणून डॉक्टरांनी ट्रस्टला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की हंगाम तोंडावर आहे, जागा मोकळी करावी. मलकापुरात कापसाचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. महेबूबभाई येऊन पिंजरे घेऊन गेले, कुणाला तरी कोंबड्यांसाठी द्यायला. कासाबाई आपला हिशेब घेऊन वरवट बकालला परत गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, सांगायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. डॉक्टर पुण्याला लेकीकडे गेले. मी त्यांना गाडीत बसवायला गेलो होतो. खिडकीतून त्यांनी माझ्या हातात ती अर्काची चिनी मातीची बरणी दिली. "ठेव. तुझी मेहनत आहे." गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून फलाटावर उभा होतो.

वर्षभरानं एक पोस्टकार्ड आलं. बारीक, सरळ अक्षर. प्रकृती, हवापाणी, आणि शेवटी एक ओळ, 'मी पुन्हा पुन्हा विचार करतो. ते द्रावण किंचितसं तरी गुलाबी दिसलं होतं का? आठवून लिही. रागावणार नाही.' मी उलट टपाली लिहिलं, 'नाही सर, स्वच्छ होतं.' त्यावर उत्तर आलं नाही. आणखी दोन वर्षांनी त्यांच्या लेकीचं पत्र आलं, ते डॉक्टर गेल्याचं.

तोवर मी पाणी तपासायच्या नोकरीला लागलो होतो. सुखाची नोकरी होती. पण सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की क्षणभर मी थांबायचो. आत अंबाडीचा वास येईल, आतून 'वानखडे, आलास का?' अशी हाक येईल, असं वाटायचं. क्लोरीनचा वास यायचा. हे रोज, कितीतरी वर्षं.

वीसेक वर्षांनी विहिरीचं पाणी घ्यायला मी वरवट बकालला गेलो. काम संपलं तर गावकऱ्यांनी सोडलं नाही. मळ्यात रोडग्यांचं जेवण होतं. आंब्याखाली पंगती बसल्या होत्या. मीही पत्रावळ पुढे घेऊन बसलो. वांग्याची भाजी आली, वरण आलं, आणि पाठोपाठ एक म्हातारी वाकून वाकून रोडगे फोडून वाढत आली. माझ्यापुढे आली, थांबली आणि म्हणाली, "वानखडेभाऊ व्हय ना तुमी? उंदराच्या दवाखान्यातले?"

कासाबाई. केस पांढरे, दात अर्धे, पण हात तेच. मला इतका आनंद झाला की मी पंगतीतून उठायला लागलो. त्यांनी खांदा दाबून खाली बसवलं. "पंगतीतून उठू नये. जेवा."

पंगत उठल्यावर आम्ही आंब्याखाली बसलो. डॉक्टर गेल्याचं सांगितलं तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग, जरा बिचकत, त्या म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? इतकी वर्सं झाली, इचारायचं राहूनच गेलं. त्या पाण्याच्या पंगतीतल्याइचं काळीज कसं निघालं होतं?"

"का हो?"

"नाई, तुमी रागे भरसाल म्हणून तवा सांगतलं नाही. म्या त्याइच्या रोडग्यात अंबाडी घालत होती."

मला आधी कळलंच नाही.

"थ्या पोत्यातली बोंडं राहत ना झाडताना, थे मी घरी शिजवो अन् पिठात मळो. रोज. एका पंगतीत दोन वाढणं कसं काय जमते माणसाले? याच्या पानात हाय अन् त्याच्या पानात नाही. पाप लागते, भाऊ. त्यात सुई तर दोघाइले सारखीच. तुमी एक खेपी आंबट वास आला म्हणून ओरडले, मंग मी अजून भाजाले लागली, कळू नये म्हणून." मग समोरच्या मळ्याकडे बघत म्हणाल्या, "आमचा माणूस गेला ना, त्या दिशी जिभेखाली गोळी होती त्याच्या. छाती धरून बसला. मले म्हणे, काही दे. घरात काही नोहतं. म्या पाणी देल्लं. नुसतं पाणी. मंग मले त्या उंदराइले नुसतं पाणी देताना पाह्यवेच ना."

माझ्या डोळ्यांसमोर त्या बशा आल्या. उजवीकडची लाल, तुकतुकीत हृदयं. म्हणजे इंजेक्शन निकामी नव्हतं. ते नीटच लागलं होतं. आणि दोन्ही रांगा वाचल्या होत्या, एक माझ्या अर्कानं आणि दुसरी कासाबाईंच्या रोडग्यांनी. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. एका खेपेवरून काही ठरवू नये, हे डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. पण तिसरी खेप करायला ही एक गोष्ट पुरेशी होती. आणि ती तेव्हाच कळली असती, किंबहुना घडलीच नसती, जर मी पाच मिनिटं खर्चून त्यांना सांगितलं असतं की, कासाबाई, ही पाण्याची पंगतच पुढं तुमच्या माणसासारख्या लोकांना वाचवणार आहे, हिला हात लावू नका. त्यांना कळलं असतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं असतं.

"सांगा ना भाऊ. डागाळलेलं निघालं का त्याइचं काळीज?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्याला प्रयोगशाळेचं पुढं काय झालं ते सांगवेना.

"नाही कासाबाई. एकदम साफ निघालं. अंबाडीच्या पंगतीइतकंच साफ."

"हाव?" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "मले वाटलंच होतं. बरं झालं बाप्पा. वाया नाही गेलं."

येताना एस.टी.त मी खिडकीशी बसलो होतो. बांधाबांधावर अंबाडी उभी होती, लाल बोंडांनी लगडलेली. ती बरणी माझ्याकडे अजून आहे. अर्क वाळून दगड झाला आहे, वास कधीच गेला. मी तिचं झाकण मात्र अधूनमधून उघडतो. डॉक्टरांना मी दोनदा 'हो सर' म्हणालो होतो. पहिलं खोटं होतं, ते त्यांनी लगेच मानलं. दुसरं खरं होतं, आणि ते मानता आलं नाही म्हणून त्या माणसाला वर्षभरानंही पोस्टकार्ड लिहून विचारावं लागलं. आता विचारायला ते नाहीत. तरी मी बरणी उघडली की त्यांना दोन्ही उत्तरं देतो. नाही सर, कासाबाईंना मी काहीच समजावून सांगितलं नव्हतं. आणि हो सर, इंजेक्शन ताजं होतं.